निर्दोष पिंप

१

रामचंद्रशेठांच्या वाडीत त्या सकाळी पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला होता आणि तो बघायला निम्मं गाव जमलं होतं. वर मान केली तर कोवळ्या घडांचे देठ तपकिरी पडलेले, पानांच्या कडा करपलेल्या. कोळेरोगाने असं होत नाही. तो सुपारी हळूहळू कुजवतो आणि त्याला पावसाची ओल लागते. ही झाडं भाजली होती, तीही श्रावणातल्या चांगल्या उघडिपीत, औषध मारल्यावर दोन दिवसांत.

औषध केलं होतं मनालीच्या वर्गाने. मनाली बोर्ली पंचतनच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नेमणूक तासिकेवरची, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि संस्थेच्या मनात आलं तर उद्यापासून तासच नाही. शेठ त्या संस्थेच्या मंडळावर होते. पोरांनी वाडीत येऊन कोळेरोगावरचं बोर्डो मिश्रण करावं ही कल्पना त्यांचीच. त्यांना फुकटात औषध हवं होतं, मनालीला पोरांना फळ्याबाहेरचं रसायन दाखवायचं होतं, दोघांचं जमलं होतं.

मंगळवारी सकाळी पोरांनी एका पिंपात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विरघळवला, दुसऱ्यात चुन्याची निवळी केली आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतली. आकाशी रंगाचं दाट औषध तयार झालं. मग पहिल्या बाकावरच्या अमिषाने त्यात लोखंडी कोयती बुडवून धरली. औषधात मोकळं तांबं उरलं असेल तर ते लोखंडावर चढतं आणि पातं तांबूस होतं. चुना पुरेसा पडला असेल तर तांबं साक्यात, म्हणजे न विरघळणाऱ्या गाळात, अडकतं आणि पातं लख्ख राहतं. कोयती लख्ख निघाली, लिटमसचा कागद निळा झाला, शेठांनी स्वतः मान डोलावली. पोरं कॉलेजला परतली आणि दुपारी भागोजीने फवारणी केली. आता गुरुवारी हे असं.

शेठांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "वाडी पुस्तकातून कळत नसते, मॅडम. तुमची वाडी वेगळी, आमची वाडी वेगळी."

वाडी या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत. पोफळीची बाग ती वाडी आणि वस्ती तीही वाडी. मनाली बौद्धवाडीतली. शेठांनी कोणता अर्थ घेतला हे जमलेल्यांपैकी कुणी विचारलं नाही, कारण तो सगळ्यांना कळला होता.

मग शेठांनी निकाल दिला. शनिवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मंडळासमोर आणि तिच्याच वर्गासमोर मॅडमनी माफी मागायची. नाही मागितली तर तास बंद. प्राचार्य रतन सर बाजूला उभे राहून आपले बूट न्याहाळत होते.

मनालीने कोयती मागितली. पिंप उघडंच होतं, तळाला वीतभर औषध उरलं होतं. तिने ते ढवळलं. आकाशी, दुधट, मंगळवारी होतं तसंच. कोयती लख्ख निघाली. लिटमस निळा झाला. तिने तो कागद शेठांसमोर धरला.

"पिंप निर्दोष आहे," ती म्हणाली.

"मग झाडं खोटं बोलतात म्हणा," शेठ म्हणाले आणि पंच्याने डोकं पुसायला लागले. एरवी टापटिपीचा माणूस, पण आज भांगात पांढऱ्या केसांची रुंद रेघ दिसत होती. संतापात माणसाला आरसा बघायला वेळ नसतो.

पिंप निर्दोष आणि झाडं भाजलेली. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या आणि दोन्ही तिच्यासमोर होत्या.

२

घरी आई, कमळाबाई, काळजीने अर्धी झाली होती. माफीने जीभ झिजते का, तिचं म्हणणं, तास टिकला तर पुढे कायम होशील. वडील महिपत पोस्टातून निवृत्त झालेले. ते इतकंच म्हणाले की आधी चूक दाखवा म्हणावं, मग माफी घ्या. मनालीला दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच तिला जेवण जाईना. आपली चूक असती तर ती त्याच क्षणी कबूल झाली असती. पण न केलेली चूक कबूल करायची म्हणजे पोरांना काय सांगायचं? कोयतीवर आणि कागदावर विश्वास ठेवू नका, शेठ सांगतील ते खरं?

तिने माफीचा विचार ताटाबरोबर बाजूला सारला आणि गुन्हेगार शोधायला घेतला.

पहिला संशय चुन्यावर. चुना हवेने मेलेला असेल तर औषध आंबट राहतं आणि पानं जाळतं. दुसरा मोरचुदावर. दोन्ही माल कमलेशच्या दुकानातला. कमलेश खत-बियाणांचा व्यापारी, गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत सहज जायचा. मनालीला बघताच तो विचारायच्या आधीच सफाई द्यायला लागला.

"बेन, चुनो एकदम ताजो छे," तो म्हणाला, "माझ्या दुकानाचा नाव नका घेऊ."

तिने त्याच गोणीतला चुन्याचा खडा पाण्यात टाकला. खडा फसफसून फुटला आणि पाणी हात लावू देईना. चुना जिवंत होता. मोरचुदात भेसळ असती तर औषध कमजोर झालं असतं, जहाल नाही. शिवाय माल वाईट असता तर कोयती तेव्हाच तांबूस झाली असती. कमलेशचा जीव भांड्यात पडला आणि तो सुटल्यासारखा बोलायला लागला. औषधाला औंदा गिऱ्हाईक नाही, या उघडिपीत फक्त खताच्या गोण्या हलतात, शेठांपासून सगळ्यांनी नेल्या, वगैरे. मनालीचं तिकडे लक्ष नव्हतं.

माल चोख होता. पोरांचं काम चोख होतं. म्हणजे पोरं निघाल्यावर आणि फवारणी व्हायच्या आधी कुणीतरी त्या पिंपाजवळ गेलं होतं.

३

शेठांची मोटारसायकल म्हसळ्याच्या रस्त्याला लागलेली बघून मनाली त्यांच्या घरी गेली. घर वाडीला लागूनच, आणि पिंप होतं ते मागच्या पडवीत. शेठांच्या बायकोने, सगुणाबाईंनी तिला आत बसवलं आणि न विचारता चहा टाकला. नवरा बोलला ते बरं नाही बोलला, एवढं त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. मनालीला त्या वाक्याने अनपेक्षित धीर आला.

मंगळवारी पोरं गेल्यावर पडवीत कोण आलं होतं, तिने विचारलं. शेठ तर सगळ्यांना सांगत होते की पोरांच्या मागोमाग आपणही निघालो आणि म्हसळ्याला गेलो. पडवीत कोण आलं ते सगुणाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या दुपारभर माजघरातून बाहेर पडल्या नव्हत्या आणि त्याचं कारण त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. यांनी केस काळे करायला घेतले होते. त्या डब्यातल्या औषधाचा वास नाकात गेला की त्यांना मळमळतं.

"तुम्ही बघितलंत त्यांना केस रंगवताना?"

"बघायचं काय त्यात? वास पडवीतून येत होता आणि चपला पायरीवर होत्या," सगुणाबाई म्हणाल्या.

नवऱ्याच्या नटण्यामुरडण्यावर त्या आणखी थोडं बोलल्या आणि मनाली हसली. दारापर्यंत सोडायला आल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली. त्या संध्याकाळी भागोजी झाडावरून उतरला तेव्हा डोळे पुसत होता. इतक्या वर्षांत त्या माणसाला त्यांनी कधी रडताना बघितलं नव्हतं.

४

भागोजी पाडेली, म्हणजे पोफळीवर चढून सुपारी पाडणारा, फवारणारा. लोक म्हणायचे तो पितो. मनाली गेली तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता आणि तिला बघून अस्वस्थ झाला. दोरीवर त्याची पांढरी बनियन वाळत होती. तिच्यावर निळे डाग होते.

डाग कशाचे, तिने विचारलं. औषधाचे, तो म्हणाला. पण औषध तर फिकं आकाशी होतं, ती म्हणाली, आजही पिंपात तसंच आहे.

"फिका?" भागोजी म्हणाला. "शाई व्हती, मॅडम, शाई. आन डोल्यांना असा झोंबला का वर रडत व्हतो मी. शेटला सांगितला, तर म्हनला पिऊन आलास."

मनालीने त्याच्याकडे निरखून बघितलं. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता आणि बोलता बोलता हळूहळू एका बाजूला सरकत होता. त्याच्या मागे भिंतीला गोणपाटाने झाकलेलं काहीतरी होतं. गोणपाटाखालून पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचा तळ दिसत होता, आणि आतलं काळंनिळं दिसत होतं.

"त्ये नका बगू," भागोजी म्हणाला.

मग त्याने कबूल केलं. घरामागे त्याच्या स्वतःच्या चार पोफळी होत्या. फवारणी उरकल्यावर त्याने पिंपातलं थोडं औषध या कॅनमध्ये भरून आणलं, शेठांना न विचारता. झाकण घट्ट लावून ठेवलं, आणि शेठांची झाडं जळलेली बघितल्यावर त्याला हात लावायचा धीर झाला नाही.

मनालीने झाकण फिरवलं. आतून असा तिखट भपका आला की तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. तो वास ती बारावीपासून ओळखत होती. अमोनिया. केस काळे करायच्या औषधातही तोच असतो.

तिने कोयती मागून घेतली आणि बुडवली. लख्ख. लिटमस निळा. गावाची परीक्षा आणि प्रयोगशाळेची परीक्षा, दोन्ही या औषधाला पास करत होत्या. ती दोन्ही चाचण्यांना प्रमाण मानून बसली होती आणि दोन्ही आंधळ्या होत्या. तिला स्वतःचाच राग आला.

एकाच पिंपातलं औषध, एकीकडे शाई आणि एकीकडे दूध. फरक काय? ती पायरीवर बसून राहिली आणि मग तिला हसू फुटलं, कारण फरक फक्त झाकणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थोडं औषध कॅनमधून थाळीत ओतलं, घराच्या गच्चीवर वाऱ्याला ठेवलं आणि संध्याकाळी जाऊन बघितलं. मग तिची खात्री पटली. आता एकच अडचण होती. हा कॅन मंडळासमोर ठेवायचा तर तो कुठून आला हे सांगावं लागणार, आणि सांगितलं तर भागोजी चोर ठरणार.

५

शनिवारी प्रयोगशाळेत एका बाजूला मंडळ बसलं होतं, मागे अकरावीचा वर्ग उभा होता. मनालीने सगुणाबाईंना आणि भागोजीलाही बोलावलं होतं. शेठ पहिल्या खुर्चीत होते. रतन सरांनी हलक्या आवाजात सुचवलं की दोन वाक्यांत आटपून टाका.

"मी माफी मागणार नाही," मनाली म्हणाली. "मी एक गणित सोडवणार आहे. उत्तरात माझं नाव आलं तर मागेन."

आधी तिने चुना, मोरचूद आणि पोरं एकेक करून सोडवली, कारण तिघांपैकी कुणीही चुकलं असतं तर कोयती मंगळवारीच तांबूस झाली असती. मग तिने अमिषाला बोलावून काचेच्या चंचुपात्रात नव्याने औषध करायला लावलं. तोच आकाशी रंग, तोच दुधट साका. मग तिने खिशातून पुडी काढली. साखरेसारखं पांढरं खत, कमलेशच्या दुकानातलं, शेठांनी नेलं तेच, अमोनियम सल्फेट. ते तिने चिमूट चिमूट टाकून ढवळलं.

धुकं हटावं तसा साका विरायला लागला. पात्रातला रंग गडद होत गेला आणि शेवटी शाई झाली. तिखट वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला तेव्हा मंडळातल्या दोघांनी रुमाल काढले.

तिने सांगितलं ते अकरावीच्या पुस्तकातलंच होतं. चुना आणि हे खत एकत्र आले की अमोनिया सुटतो. साक्यात अडकलेल्या तांब्यातलं कणभर तांबं पाण्यात येतं आणि पुन्हा साक्यात जातं, येणं आणि जाणं सारखं चालू असतं, त्यालाच समतोल म्हणतात. अमोनिया पाण्यात आलेल्या तांब्याला धरून ठेवतो, परत जाऊ देत नाही. मग साका आणखी तांबं सोडतो आणि विरत जातो. हे विरघळलेलं तांबं पानं जाळतं. पण ते अमोनियाच्या हातात घट्ट असतं, म्हणून लोखंडावर चढत नाही आणि कोयती लख्ख राहते.

"तर मग पिंपात ते का नाही दिसलं?" एका सभासदाने विचारलं.

"कारण पिंप उघडं होतं," ती म्हणाली आणि टेबलावर थाळी आणि कॅन शेजारी ठेवले. "दोन्हीत एकच औषध. काल सकाळी दोन्ही शाईच होते. थाळीतला अमोनिया वाऱ्यावर उडाला आणि तांबं साक्यात परत गेलं. कॅनमध्ये त्याला जायला वाट नव्हती. पिंपातला पुरावाही असाच उडाला."

थाळीत आकाशी साका होता. कॅनचं झाकण तिने उघडलं आणि आतली शाई दाखवली.

शेठ सावरून बसले. "हा कॅन आला कुठून?" त्यांनी विचारलं. "माझ्या वाडीतलं औषध माझ्या परवानगीशिवाय बाहेर कुणी नेलं?"

भागोजीची मान खाली गेली. मनालीने तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"मी दिला," सगुणाबाई म्हणाल्या. "उरलं होतं, म्हटलं घेऊन जा. आणि अहो, हाच वास होता त्या दिवशी. तुमच्या केसांच्या औषधाचा."

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी शेठांच्या डोक्याकडे बघितलं. भांगातली पांढरी रेघ तिथेच होती. या महिन्यात त्या केसांना रंग लागलेला नव्हता, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नव्हतं.

"चपला पायरीवर होत्या," मनाली म्हणाली. "तुम्ही म्हसळ्याला गेलाच नव्हता. पडवीत होता, पिंपाजवळ."

शेठांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मंडळाकडे, आणि मग ते उसळले. खतच टाकलं होतं, विष नाही, ते म्हणाले. पोफळीवर माणूस चढवणं सोपं आहे का? औषधाला एकदा आणि खताला एकदा चढवण्यापेक्षा एका चढणीत दोन्ही कामं उरकावी, एवढाच विचार. "आणि मोरचूद पण सल्फेट, खत पण सल्फेट. एका जातीचे दोघं. भांडतील असं कुणाला वाटेल?"

"आडनाव सारखं होतं, शेठ," मनाली म्हणाली. "आडनावावरून माणूस ओळखायची सवय रसायनात महाग पडते."

मंडळात कुणी हसलं नाही, पण मागे वर्गात कुणीतरी हसलं.

६

रतन सरांना आता घाई झाली. त्यांनी पोरांना बाहेर जायची खूण केली आणि झालं गेलं विसरून जाऊ म्हणाले. शेठांनी काही वाईट हेतूने केलं नव्हतं, मॅडमचे तास चालू राहतील, झाकली मूठ सव्वा लाखाची. शेठही उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि दाराकडे वळले. घरी या, आपण नीट बोलू, असं ते मनालीला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात या वेळी मऊपणा होता.

मनालीला तो मऊपणा नको होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले लोक आता संन्याशालाच गप्प राहायला सांगत होते. अर्धं गाव जमवून तिला बोलले होते, आणि खरं मात्र दारं लावून घरात. तिने पोरांना जागेवर थांबायला सांगितलं.

"माझी माफी या वर्गाने ऐकायची होती," ती म्हणाली. "मग तुमचंही हाच वर्ग ऐकेल. औषध यांनी केलं होतं."

रतन सर म्हणाले, मॅडम, विचार करा, जूनमध्ये नेमणुका पुन्हा व्हायच्या आहेत. तिने केला होता. घरी पडल्या पडल्या तिने दुसरा कसलाच विचार केला नव्हता. नसतील तास तर नसोत, पण या पोरांनी शिकलेलं खोटं ठरवून मिळालेला तास तिला शिकवता आला नसता. ती दारात उभी राहिली.

सगुणाबाई शेठांच्या मोकळ्या खुर्चीत जाऊन बसल्या. बसायला जागा उरली नाही तेव्हा शेठ वर्गाकडे वळले. घसा खाकरून ते म्हणाले की पोरांचं औषध चोख होतं, मॅडमचंही काही चुकलं नव्हतं, खत आपण टाकलं आणि दोष त्यांच्यावर घातला, ते चुकलं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

पहिल्या रांगेत हात वर झाला. अमिषा होती. तिने वही उघडलेली होती आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"शेठ, खत किती किलो टाकलंत?" तिने विचारलं. "मॅडम, किती तांबं विरघळलं ते काढता येईल ना?"

मनाली म्हणाली, येईल. शेठांनी सगळ्या वर्गाकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि आकडा सांगितला. मनालीने खडू उचलला आणि तो फळ्यावर लिहिला.